ऑफ तास कुणाचा?



खाजगी शाळांतील शिक्षक आणि संस्थाचालकांच्या या परिषदेत, स्वागत समितीच्या वतीने मी साताऱ्यात आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करते. सावित्रीबाई फुल्यांचे नायगाव याच जिल्ह्यातले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, ती कराडजवळच्या काले गावी. त्यांच्या वसतिगृहातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. शिकवणाऱ्याच्या पाठीशी कुणीतरी उभे राहावे लागते, हे या जिल्ह्याने पाहिले आहे.

मीही ते अनुभवले. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझी आई दवाखान्यात होती. शाळा विनाअनुदानित, पगार लांबलेला. रजा मागायचा धीर होईना. आमच्या पर्यवेक्षिका बाई आपणहून म्हणाल्या, “शेवटचे दोन तास मी घेते, तू नीघ.” पंधरा दिवस त्यांनी माझे वर्ग सांभाळले. पगार वाढला नाही, पण नोकरी सोडायचा विचार मनातून गेला.

असा आधार एखाद्या बाईंच्या चांगुलपणावर अवलंबून राहू नये. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींसाठी महाराष्ट्रात १९७७ चा कायदा आहे. शिक्षकांच्या ग्रॅच्युइटीच्या हक्कावर सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये शिक्कामोर्तब केले. हे हक्क प्रत्येकाच्या हाती पडलेच पाहिजेत. पण शिक्षकखोलीतला दिवस कायद्याने ठरत नाही. वह्या तपासायचा ऑफ तास रोज बदली तासात जातो. रात्री दहाला पालकांचे मेसेज येत राहतात. पालक चढ्या आवाजात बोलू लागले की मुख्याध्यापक आपली बाजू ऐकून घेतील का, हीच धास्ती असते. दमलेल्या, धास्तावलेल्या शिक्षकाकडून वर्गात माया कुठून यायची? म्हणून शिक्षकाचे स्वास्थ्य हा मुलांच्या शिक्षणाचाच प्रश्न आहे.

या परिषदेत संस्थाचालक आणि शिक्षक एकाच मांडवात बसले आहेत, याचा मला विशेष आनंद आहे. मोकळेपणाने बोला. परतल्यावर आपल्या शाळेतल्या सर्वांत नव्या शिक्षकाला एवढेच विचारा, “तुझा ऑफ तास तुला मिळतो का?” आणि उत्तर ‘नाही’ आले, तर त्याच दिवशी वेळापत्रक बदला.