काळ्या-पांढऱ्या नक्षीतली गाडी

रस्त्यावर काळ्या-पांढऱ्या नक्षीत गुंडाळलेली गाडी दिसली की मोबाइल बाहेर निघतात. चाचणीच्या गाड्या अशाच फिरतात. त्या नक्षीमुळे पत्र्याच्या कडा आणि वळणं नीट टिपता येत नाहीत. मग उरतो अंदाज!

आपल्या नाशिकच्या कारखान्यात बनणाऱ्या महिंद्रा थारचंच घ्या. पाच दरवाजांची थार येणार, ही कुजबुज बरीच आधीपासून होती. त्यातच मारुतीची पाच दारी जिम्नी जून २०२३ मध्ये विक्रीला आली, पुण्याच्या फोर्सची पाच दारी गुरखा २०२४ मध्ये. चर्चेला ऊतच आला. थारचं नाव ‘आर्माडा’ असणार, असंही छातीठोकपणे सांगितलं जाई. ऑगस्ट २०२४ मध्ये गाडी आली ती ‘थार रॉक्स’ म्हणून! दरवाजे बरोबर, नाव चूक. कंपन्या कितीतरी नावं नुसती नोंदवून ठेवतात. त्यामुळे नावाच्या बातमीवर मी तरी पैज लावणार नाही.

मोटारसायकलींचं वेगळं नाही. बजाज आणि ट्रायम्फ यांनी हातमिळवणी जाहीर केली २०१७ मध्ये. चाकणला बनलेली स्पीड ४०० बाजारात यायला २०२३ उजाडलं. मधली सहा वर्षं अफवांचीच.