बाळाची लघवी विचारतो, आईची कोण विचारणार?



निलंग्याच्या या परिषदेचं अध्यक्षपद मला दिलंत, आभार. निमंत्रणपत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय ‘प्रसूतीनंतरचे आरोग्य’ असा सभ्यपणे छापला आहे. मी सरळच सांगते. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून जी बाई बाळंत होते, तिच्या लघवीबद्दल मी बोलणार आहे. पुढच्या रांगेतल्या पुरुष डॉक्टरांनी मोबाइल काढला तरी चालेल, पण कान इकडे असू द्या.

आपल्या ओपीडीत ही बाई या तक्रारीसाठी येतच नाही. येते कंबरदुखीसाठी, अंगावरून जातंय म्हणून, नाहीतर सुनेला दाखवायला. गोळ्यांची चिठ्ठी हातात पडते, ती उठते, पडद्याला हात लावते आणि पाठमोरीच म्हणते, “मॅडम, खोकलं की जरा होतंय बघा.” कधीपासून? “धाकट्याच्या टायमापासून. चिमटा लावला होता.” धाकटा यंदा दहावीला असतो. पिशवीत जुन्या धोतराच्या घड्या असतात, लग्नकार्यात ती दाराजवळची जागा धरून बसते, एसटीने लातूरला जायचं तर आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाही. घरातल्या कुणालाही यातलं काही ठाऊक नसतं.

१९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये गडचिरोलीच्या दोन खेड्यांचा अभ्यास छापून आला. राणी आणि अभय बंग यांनी ६५० बायकांची तपासणी केली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. बायका बोलत नाहीत, असं आपण म्हणतो. मला तर त्या अभ्यासातून दिसतं ते एवढंच, की तोवर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

आता आशाताईंनो, तुमच्या पिशवीतला एक कागद काढा. नवजात बाळाच्या घरभेटीचा फॉर्म. ही घरभेटीची पद्धतही गडचिरोलीतच घडली आणि २०११ पासून देशभर आली. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे तुम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाता. त्या फॉर्मवर आईसाठी प्रश्न आहेत : जेवण किती वेळा, पॅड किती बदलावे लागतात. बाळासाठी आहे : दिवसात सहापेक्षा कमी वेळा लघवी करतं का? प्रश्न चांगलाच आहे, तो राहू द्या. पण त्याच बाजेवर निजलेल्या आईला लघवी होते की नाही, सुटते की काय, हे विचारायला त्या कागदावर रकाना नाही. महाराष्ट्रात आता शंभरातल्या सुमारे ९५ बायका दवाखान्यात बाळंत होतात. म्हणजे बाई आपल्या हाताखालून जाते, सहा वेळा आपण तिच्या दारात जातो आणि तरीही हा प्रश्न सुटून जातो.

पहिली हयगय वॉर्डातच होते. कळा लांबल्या, बाळाचं डोकं तासन् तास खाली दाबून राहिलं, मग साधन लावून ओढलं. मूत्राशयाची आणि ओटीपोटाच्या तळाची नस ताणली जाते, सगळीकडे सूज येते, खालचे टाके हुळहुळत असतात. मूत्राशय भरल्याची जाणीवच बाईला होत नाही. सिस्टर विचारतात, लघवी झाली का? ती म्हणते, झाली थोडी थोडी. हे ‘थोडी थोडी’ फार फसवं आहे. मूत्राशय तुडुंब भरून वरचं सांडतंय, असाही त्याचा अर्थ असतो. पोटावर हात ठेवा. बेंबीखाली गोळा लागतो आणि गर्भाशय एका बाजूला सरकलेलं असतं. बाळंतपणानंतर सहा तासांत नीट लघवी झाली नाही तर नळी घाला आणि किती निघाली ते मोजून लिहा. एकदा बेसुमार ताणलेलं मूत्राशय पूर्वपदावर यायला फार वेळ घेतं. नळी एखाद-दोन दिवस राहिली तर काही बिघडत नाही.

दुसरी गोष्ट, गळण्या-गळण्यात फरक असतो. खोकताना, शिंकताना, घागर उचलताना सुटते, ते तळाच्या स्नायूंचं ढिलेपण. मोरीपर्यंत पोहोचायच्या आधीच होते, ते मूत्राशयाचं उतावीळपण. पण न खोकता, न हसता, झोपेतही रात्रंदिवस पाझरत असेल तर मूत्राशय आणि योनीमध्ये भोक पडलेलं असू शकतं. अडलेल्या बाळंतपणानंतर ते काही दिवसांनीही उघडं पडतं. तिथं व्यायाम सांगत बसू नका, त्याच दिवशी लातूरच्या किंवा नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयात पाठवा. भोक लहान आणि ताजं असेल तर काही वेळा नुसती नळी ठेवूनही भरून येतं.

पहिल्या प्रकारच्या बहुतेक बायकांना काही महिन्यांत पुष्कळ आराम पडतो, आणि त्याला यंत्र लागत नाही. तळाचे स्नायू झोळीसारखे सगळं तोलून धरतात. व्हॅक्यूमपेक्षा चिमट्याने त्यांना इजा जास्त होते, कधी स्नायू हाडापासून सुटतोही. (म्हणून सगळ्यांचं सीझर करा, असं कुणी माझ्या नावावर खपवू नका. सीझरनंतरही काहींना लघवी सुटते.) डॉ. आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये या स्नायूंचा व्यायाम मांडला. आपण तो कसा शिकवतो? “आवळा” म्हणतो आणि पुढच्या खाटेकडे जातो. बाई ढुंगण आवळते, मांड्या आवळते, श्वास कोंडून उलट खालीच जोर देते. तिच्या चेहऱ्याकडे बघा. गाल फुगले की चुकलं. चारचौघांत वारा सरू नये म्हणून जसं धरतो, तसं आत आणि वर ओढायचं, श्वास चालू ठेवून. जमेल तेवढे आकडे मोजून धरायचं, मग पूर्ण सोडायचं. आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. आणि खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळायचं, मग खोकायचं. एवढ्या एका युक्तीने लघवी सुटणं थांबलेल्या बायका मी पाहिल्यात.

घरात सासूबाईंशी बोलणंही आपलंच काम. पोट सुटू नये म्हणून करकचून बांधलेलं फडकं सगळा दाब खाली ढकलतं. बाळंतिणीला पाणी कमी देण्याने लघवी दाट होते, जळजळते, शौचाला खडा होतो आणि कुंथून कुंथून तळ आणखी ढिला पडतो. घागरीचं ओझंही तळावरच येतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते आपल्याला आठवतं. त्या टंचाईत घागरी कुणी वाहिल्या आणि त्यांतल्या किती जणींचं बाळंतपण ताजं होतं, हे कुठल्याच नोंदवहीत नाही.

आणि शेवटी ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला. शेजारच्या बीडमध्ये २०१९ च्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. पिशवी काढल्याने लघवी सुटणं थांबत नाही, हे मी या व्यासपीठावरून स्वच्छ सांगते. अंग बाहेर येणाऱ्या तरुण बाईची पिशवी न काढता ती वर टांगून धरायच्या शस्त्रक्रिया मुंबईत डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी बसवल्या. त्यांच्या नावाने त्या पाठ्यपुस्तकांत आहेत. पुण्या-मुंबईच्या पुस्तकांतून त्या आपल्या तालुक्यापर्यंत का येत नाहीत, याचं उत्तर पुढच्या रांगेतून मिळालं तर बरं होईल.

ठराव मी लिहून आणला आहे. साधन लावून झालेल्या प्रत्येक बाळंतपणाच्या कागदावर पहिल्या लघवीची वेळ आणि मोजमाप लिहावं, घरी सोडताना आणि बेचाळिसाव्या दिवशी “खोकताना लघवी सुटते का?” असं विचारून उत्तर नोंदवावं, छापील रकाना येईपर्यंत समासात हाताने लिहावं. सूचक मी, अनुमोदन आशाताईंपैकी कुणी द्यावं. जेवणात निलंगा राईस आहे असं कळतं. तो झाल्यावर मागच्या खोलीत सतरंजी अंथरली आहे, तिथं व्यायाम प्रत्यक्ष करून घेणार आहे. पुरुष डॉक्टरांनीही यावं, हे स्नायू त्यांनाही आहेत.