दखलपात्र



आज कविता नाही. एकच शब्द घेतलाय, कॉग्निझेबल. आपल्या पोरांना तो उलट्या बाजूनं माहीत आहे. सुजलेला गाल घेऊन चौकीवर जा, हवालदार म्हणतो, ‘एन.सी. घेतली, जा घरी.’ एन.सी. म्हणजे नॉन-कॉग्निझेबल. मराठीत अदखलपात्र.

शब्द लॅटिनमधून आला. मुळात अर्थ जाणणं, ओळखणं. ज्यांची सावलीसुद्धा चालत नव्हती त्यांच्या अंगावरचा वळ कोण ओळखणार, ही गोष्ट वेगळी.

कायद्यात मात्र अर्थ अगदी कोरडा. दखलपात्र म्हणजे मोठा गुन्हा, असं नाही. पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतो, मॅजिस्ट्रेटला न विचारता तपास करू शकतो, एवढंच. एन.सी.त मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपासाला मनाई. वही उघडली, वही मिटली.

कुठला गुन्हा कुठल्या खणात, हे फौजदारी संहितेच्या शेवटच्या तक्त्यात ठरतं. इतर कायद्यांतल्या गुन्ह्यांना तिथं सरसकट माप आहे. तीन वर्षांच्या आत शिक्षा, की अदखलपात्र. आता अस्पृश्यतेचा १९५५ चा कायदा बघा. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत. या मापानं तो एन.सी.तच गेला असता. म्हणून कलम १५ मध्ये मुद्दाम लिहिलं, हे गुन्हे दखलपात्र. आणि त्याच कलमात लिहिलं, कोर्टाच्या परवानगीनं ते आपसात मिटवता येतील! १९७६ च्या दुरुस्तीनं ही मिटवामिटवी काढली, कायद्याला नागरी हक्क संरक्षण हे नाव दिलं. मधल्या एकवीस वर्षांत गावच्या चावडीवर काय काय मिटलं असेल, तुम्हीच समजा.

१९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्यात चारचौघांत जातीवरून शिवी दिली तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणजे दखलपात्र. २० मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टानं नोंदीआधी प्राथमिक चौकशीची वाट काढून दिली. २ एप्रिलला भारत बंद झाला, माणसं मेली. त्याच वर्षी संसदेनं कलम १८-अ घातलं, चौकशीची गरज नाही. एका विशेषणासाठी एवढं रक्त.

आता नळावरची गोष्ट. आमच्या वस्तीतल्या एका पोराला बायाबापड्यांदेखत कानफटात मारली, जात काढली. अंमलदारानं कानफटात लिहिली, जात गाळली. का गाळली? साधी मारहाण एन.सी. आहे. पण जुन्या संहितेचं कलम १५५(४), १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं १७४(४), म्हणतं की अनेक गुन्ह्यांत एक जरी दखलपात्र असेल तर सगळं प्रकरण दखलपात्र. एक शिवी वहीत आली की अख्खी वही जागी होते. हे अंमलदाराला तुमच्या-माझ्यापेक्षा बरं कळतं.

पोरगं आपल्या अभ्यासवर्गातलं. म्हणालं, ‘सही नंतर, आधी वाचून दाखवा.’ तोंडी फिर्याद लिहून घेतली की सहीआधी वाचून दाखवणं हे अंमलदाराचं कर्तव्य. अॅट्रॉसिटीच्या कलम ४ प्रमाणे ते जाणूनबुजून टाळणाऱ्या बिगरदलित, बिगरआदिवासी अधिकाऱ्याला सहा महिने ते एक वर्ष.

‘वकील लागून गेलास काय रे?’

‘नाही साहेब. शिवी राहिली लिहायची.’

अंमलदार म्हणाला, पेन चालत नाही. पोरानं खिशातलं काढून दिलं.