शिकवणाऱ्यांना गुण देऊ द्या



 आदिवासी अध्ययनाच्या पदवीचा आढावा अध्यक्षीय भाषणात घ्यावा, असा संकेत आहे. तो थोडक्यात घेतो. पुण्यात १९६२ पासून आदिवासी संशोधन संस्था आहे. भाषाअभ्यासक गणेश देवींच्या पुढाकाराने गुजरातेत तेजगढला आदिवासी अकादमी उभी राहिली. मध्य प्रदेशात अमरकंटकला केंद्रीय आदिवासी विद्यापीठ आलं, गडचिरोलीला २०११ साली गोंडवाना विद्यापीठ आलं. आदिवासींना मुख्य प्रवाहात आणावं की वेगळं जपावं यावरचा घुर्ये आणि एल्विन यांचा वाद, ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा, वनहक्क कायदा, हे सगळं आपण शिकवतो. पण वर्गात शिकवायला उभं कोण राहतं? हा प्रश्न मी फार वर्षं मनात ठेवला. आज तोच बोलणार आहे.

भामरागड तालुक्यातल्या एका माडिया गावात आम्ही विद्यार्थ्यांना नेलं होतं. एका मुलीचा विषय होता रानातले कंद. प्रश्नावली लगेच गुंडाळावी लागली, कारण ती मराठीत होती आणि गाव बोलत होतं माडिया, गोंडीचंच एक रूप. मग गावातल्या एका आजींनी तिला रानात नेलं. वेल ओळखायला लावला, कंद खणायला लावला, त्याचे काप वाहत्या पाण्यात ठेवायला लावले. हा कंद नीट धुतला नाही तर माणूस आजारी पडतो. त्यामुळे आजी काप चाखून बघत आणि पुन्हा ओढ्यावर पिटाळत. मनासारखे होईपर्यंत त्यांनी तिला सोडलं नाही. इतकी कडक प्रात्यक्षिक परीक्षा मी कुठल्याही विद्यापीठात पाहिलेली नाही.

पुढे तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, ‘याला संदर्भ काय?’ मुलीने आजींचं नाव घेतलं. छापील आधार नाही म्हणून तिचे गुण कापले गेले. ज्यांनी तो कंद कधी पाहिला नव्हता, त्यांनी कापले! आजींचं नाव राहिलं तिच्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात, ग्रंथपालांच्याही खाली. मला त्या दिवशी आलेला संताप अजून उतरलेला नाही.

गोंडी सक्तीची की ऐच्छिक, यावर काल इथे बराच वाद झाला. त्या गावात मुलगी आजींसमोर मुकी उभी होती, ते पाहिल्यापासून माझ्यापुरता तो वाद संपला आहे. पहिली दोन सत्रं भाषेलाच द्या. २०११ च्या जनगणनेत भिली बोलणारे १ कोटीहून अधिक आहेत आणि गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख. दोन्ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीबाहेर आहेत. निदान आपल्या पदवीबाहेर तरी त्यांना ठेवू नका.

गावातल्या जाणकारांना अध्यापक नेमायला नियम आड येतात, असं सांगणाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२२ ची ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची तत्त्वं वाचावीत. त्यांत औपचारिक पदवीचा आग्रह नाही, अनुभवाचा आहे. कंपनीतल्या अधिकाऱ्यासाठी ही वाट आपल्याला चटकन सापडते. मग वैदू, सुईण, गावाचा प्रमुख गायता यांच्यासाठी का सापडत नाही? शाल-श्रीफळ देऊन एका व्याख्यानावर त्यांची बोळवण करणं आता थांबवा.

आणि ग्रामसभेलाही विचारा. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखासारख्या गावाने स्वतःचे अभ्यासगट चालवले, २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला. काय शिकवावं आणि काय वर्गात आणूच नये, हे सांगण्याचा अधिकार अशा गावांना आहे. देवकार्यातल्या काही गोष्टी आपल्या टिपणवह्यांसाठी नाहीत.

पाठ्यसामग्री, श्रेयांकांची विभागणी, मूल्यमापनाचे नमुने यांसाठी समिती नेमू. तपशील तिथे ठरतील. ठराव मात्र मला आजच हवा आहे. गावातल्या जाणकाराला अध्यापक म्हणून नेमणूक, महिन्याचं मानधन आणि परीक्षकाचे पूर्ण अधिकार मिळावेत, नापास करण्याच्या अधिकारासह. अनुमोदन कोण देतंय?