गिधाडांचा हंगाम, वीटभट्टीचा हंगाम
(महाड येथे हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



पक्षिनिरीक्षण म्हटलं की आपल्याला तळं, बगळे आणि गळ्यात दुर्बीण अडकवलेले शहरातले पाहुणे आठवतात. आज मी शेजारच्या म्हसळा तालुक्यातल्या एका पक्ष्याबद्दल बोलणार आहे. दिसायला तो देखणा नाही, पण आपल्या कामाशी त्याचा जवळचा संबंध आहे. तो म्हणजे पांढऱ्या पुठ्ठ्याचं गिधाड.

वाडीवरची वयस्कर माणसं सांगतात, पूर्वी माळावर मेलेलं ढोर टाकलं की आभाळातून गिधाडं उतरायची आणि हाडं तेवढी उरायची. १९९० नंतर ती झपाट्याने नाहीशी झाली. या जातीची शंभरातली नव्याण्णवहून जास्त गिधाडं भारतातून गेली. कारण बरीच वर्षं कोणाला कळेना. २००४ साली शास्त्रज्ञांनी ते दाखवून दिलं. दुखण्यावर डायक्लोफिनॅक दिलेलं जनावर लगेच मेलं आणि गिधाडाने ते खाल्लं, तर गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केलं. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये त्याही बंद झाल्या.

गिधाडं गेल्यावर मेलेली ढोरं उघड्यावर कुजू लागली आणि भटक्या कुत्र्यांना आयतं खाद्य मिळालं. कुत्रा चावल्यावर सर्वांत जास्त हाल कोणाचे होतात? ज्याच्या वाडीपासून दवाखाना लांब आहे, त्याचे.

म्हसळ्यातल्या चिरगाव-बागेची वाडी परिसरात मात्र काही गिधाडं टिकली. आपल्या महाडच्या सिस्केप संस्थेने, प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गावकऱ्यांना बरोबर घेऊन तिथे काम केलं. उंच झाडांवरची घरटी राखली, मेलेली जनावरं गिधाडांपर्यंत पोहोचवली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातली असंख्य झाडं पाडली. उंच, जुनं झाड पडलं की घरट्याची जागाही जाते, आणि तसं झाड पुन्हा उभं राहायला माणसाचं आयुष्य लागतं.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. दिवाळीच्या आसपास घरट्यांची लगबग सुरू होते आणि पिल्लू उडेपर्यंत उन्हाळा येतो. हेच ते महिने, ज्यांत घरट्यावर कोणाची तरी नजर हवी. आणि याच महिन्यांत आपली कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. पाऊस तोंडावर आला की परततात. कोणत्या झाडावर काय बसतं, हे ज्यांना दुर्बिणीशिवाय कळतं, तीच माणसं नेमकी तेव्हा रानात नसतात. त्यांच्या मुलांची शाळाही त्याच महिन्यांत सुटते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: पक्षी वाचवायचा असेल तर आधी वाडीतलं माणूस वाडीत राहिलं पाहिजे. रानाची राखण, पाहुण्यांना वाट दाखवणं, घरट्यांची नोंद ठेवणं, हे सगळं काम आहे आणि कामाला मजुरी असते. ती देऊ या. ज्या घरांना तरीही जावंच लागतं, त्यांची मुलं आजी-आजोबांजवळ किंवा वसतिगृहात राहून शिकावीत, यासाठी आपली मदत दिवाळीआधी पोहोचू द्या. भट्टीची उचल घेऊन झाल्यावर आलेल्या मदतीचा उपयोग होत नाही.

ज्यांच्या दारात गाईगुरं आहेत, त्यांनी पशुवैद्याला सांगून दुखण्यावर मेलॉक्सिकॅम मागावं. ते गिधाडांना बाधत नाही. पक्षी पाहायला जाणाऱ्यांनी घरट्याच्या झाडाखाली गर्दी करू नये. लांबून पाहावं, आणि वाडीतला वाटाड्या बरोबर घ्यावा.

देवाने निर्माण केलेल्या सृष्टीची राखण आपण करायची असं आपण म्हणतो. आपल्या भागात ती राखण करू शकणारी माणसं आहेत. त्यांना फक्त ते सहा महिने गावात राहता आलं पाहिजे.