शिकाऊ चालक आणि मोटारीचा विमा

मध्यमवर्गीय कुटुंबात मोटार येणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. जी मोटार घेण्यापूर्वी घरातील वडील मंडळी महिनोन्‌महिने खल करतात, रंगाविषयी आणि इंजिनाविषयी दहा ठिकाणी चौकशी करतात, तिचे विमापत्र मात्र विक्रेत्याने पुढे केलेल्या कागदावर सही करून पाच मिनिटांत घेतले जाते आणि न वाचताच कपाटात पडून राहते. पुढे त्याची आठवण होते ती दोन प्रसंगी. एक म्हणजे त्याची मुदत संपत आली तर, आणि दुसरा म्हणजे अपघात घडला तर. ह्या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रसंग असतो व तो बहुतेकांच्या ध्यानी येत नाही. घरातील मुलगा अथवा मुलगी मोटार शिकावयास लागते, त्या दिवशी ते विमापत्र उलगडून वाचणे अगत्याचे असते.

मोटारीच्या विम्याचे दोन भाग असतात. पहिला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो घेणे न घेणे मालकाच्या मर्जीवर असते. दुसरा तिऱ्हाइताचा, म्हणजे त्या गाडीमुळे ज्याला इजा होईल त्या परक्या माणसाचा. तो उतरविल्यावाचून गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणताच येत नाही. इंग्लंडात ही सक्ती १९३० च्या कायद्याने आली. हिंदुस्थानात १९३९ साली मोटार वाहनांचा कायदा झाला व त्यातील सक्तीच्या विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले. त्या कायद्याची जागा पुढे १९८८ च्या कायद्याने घेतली. परंतु मूळ तत्त्व बदलले नाही. रस्त्याने पायी जाणाऱ्या माणसाला आपणांस कोणाची गाडी धडकावी ह्याची निवड करता येत नाही; तेव्हा त्या गाडीचा मालक सधन की ओढगस्तीचा, ह्यावर त्याच्या बायकामुलांचे पोट अवलंबून राहू नये, हे ते तत्त्व होय.

मूल गाडी शिकू लागले की पुष्कळ आईबापांच्या मनात पहिली शंका येते ती अशी, की त्याचे नाव विमापत्रात घालावे लागेल काय, आणि त्यासाठी निराळा हप्ता भरावा लागेल काय. परदेशी असलेले आप्तेष्ट ह्या शंकेत भर घालतात. कारण ब्रिटनमध्ये विमा हा मुख्यतः चालविणाऱ्या माणसाकडे पाहून ठरतो. तेथे सतराव्या वर्षानंतर मोटार शिकणाऱ्या मुलाचे नाव विमापत्रात नोंदवावे लागते किंवा त्याच्यासाठी स्वतंत्र विमा घ्यावा लागतो, आणि वय कोवळे म्हणून हप्ताही भारी पडतो. हिंदुस्थानातील रीत वेगळी आहे. येथे विमा गाडीचा उतरविला जातो. मालकाच्या संमतीने गाडी चालविणारा कोणीही मनुष्य, त्याच्यापाशी योग्य परवाना असल्यास, त्या विम्याच्या छायेखाली येतो. मुलाचे नाव घालण्याची गरज नसते व निराळा हप्ताही पडत नाही. परंतु येथेच फसगत होते. काही करावे लागत नाही असे कळले म्हणजे काहीच पाहावे लागत नाही, असा समज करून घेण्याकडे माणसाची प्रवृत्ती असते. वस्तुतः खाजगी मोटारीच्या प्रचलित विमापत्रात चालकासंबंधी एक कलम असते. शिकाऊ परवाना धारण करणाऱ्या माणसासही गाडी चालविता येईल, मात्र त्याने १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपैकी तिसऱ्या नियमाचे पालन केले पाहिजे, असा त्या कलमाचा आशय आहे. शिकाऊ चालकाचा सगळा विमा ह्या एका वाक्यावर उभा आहे.

ह्या वाक्यातील पहिला शब्द परवान्याचा. आपल्या घरोघरी मुलाचे वय सांगण्याची जी पद्धत आहे ती येथे घात करते. 'मुलाला अठरावे लागले' असे आजी कौतुकाने सांगते, तेव्हा त्याची सतराच वर्षे पुरी झालेली असतात. कायद्याला अठरा वर्षे पुरी झालेली हवीत. त्याच्या एक दिवस आधीही मोटारीचा शिकाऊ परवाना मिळत नाही. सोळा वर्षे पुरी झालेल्या मुलास जी सवलत आहे ती पन्नास घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीपुरतीच आहे. त्या सवलतीवर मिळालेला शिकाऊ परवाना दाखवून शंभर-सव्वाशे घनसेंटिमीटरची स्कूटर चालविणे म्हणजे परवान्यावाचून चालविणेच होय. मोटारीची तर गोष्टच नको. तेव्हा कुमारवयात मोटार शिकण्याची वर्षे आपल्या देशात दोनच उरतात, अठरा पुरी झाल्यानंतरचे एक आणि एकोणीस पुरी झाल्यानंतरचे दुसरे.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तो मिळाल्यापासून तीस दिवस लोटल्यावर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. महाविद्यालयाच्या परीक्षा, सुट्टी, प्रवास ह्यांच्या गडबडीत हे सहा महिने हा हा म्हणता सरतात. मुदत संपलेल्या शिकाऊ परवान्यावर मोटार बाहेर काढणारा मुलगा विम्याच्या दृष्टीने परवाना नसलेलाच ठरतो, मग त्याचा हात कितीही सफाईने चालत असो.

दुसरा शब्द तिसऱ्या नियमाचा. शिकणाऱ्याच्या शेजारी त्या प्रकारच्या गाडीचा चालू परवाना असलेला मनुष्य शिकविण्यासाठी बसलेला असावा आणि वेळ पडल्यास त्याला गाडी ताब्यात घेता किंवा थांबविता येईल अशी त्याची बैठक असावी, असे हा नियम सांगतो. मागच्या आसनावर बसून सूचना देणारे काका किंवा नुकताच स्वतः शिकाऊ परवाना मिळविलेला मित्र, ह्यांपैकी कोणीही ही अट पुरी करीत नाही. त्याचप्रमाणे गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या जमिनीवर तांबड्या रंगात 'एल्' हे अक्षर स्पष्ट दिसले पाहिजे. ही पाटी लावण्यास मुले लाजतात. ती कमीपणाची खूण आहे असे त्यांना वाटते. परंतु मागून येणाऱ्या चालकाने थोडे अंतर राखावे म्हणून केलेली ती नम्र विनंती आहे, आणि विमापत्राची ती अटही आहे, हे त्यांना समजावून सांगणे आईबापांचे काम आहे.

येथे आईबापांनी स्वतःच्या परवान्याकडेही एकदा पाहावे. खाजगी गाडीचा परवाना पूर्वी वीस वर्षांसाठी किंवा वयाच्या पन्नास वर्षांपर्यंत, ह्यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत दिला जात असे. २०१९ च्या दुरुस्तीने ह्या मुदती बदलल्या. तरी जुने परवाने अनेकांपाशी अद्याप आहेत. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचे वडील पुष्कळदा पन्नाशीच्या आसपासच असतात. मुलाचा परवाना नवा कोरा, पाटी लावलेली, विम्याचा हप्ता भरलेला, आणि शेजारी बसून शिकविणाऱ्या वडिलांच्याच परवान्याची मुदत मागेच सरलेली, अशी स्थिती असेल तर नियमाची अट पुरी झाली असे म्हणता येणार नाही.

ह्या अटी मोडल्या तर काय होते? स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा नाकारण्यास कंपनीला सबळ कारण मिळते. तो तोटा फार तर गाडीच्या किमतीइतका असतो. खरे संकट तिऱ्हाइताच्या दाव्याचे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई कशी मोजते ते एका उदाहरणाने पाहावे. मृत मनुष्य तीस वर्षांचा आहे, स्वतःचा छोटा धंदा करून महिना ३०,००० रुपये मिळवितो आणि मागे पत्नी व दोन मुले आहेत असे धरू. वर्षाची मिळकत ३,६०,००० रुपये. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाप्रमाणे पुढील वाढीसाठी तीत चाळीस टक्के मिळवावयाचे. ती ५,०४,००० रुपये होते. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा जाता ३,३६,००० उरतात. त्या वयासाठी ठरलेल्या सतरा ह्या गुणकाने गुणिले असता ५७,१२,००० रुपये होतात. अंत्यविधी इत्यादींच्या रकमा निराळ्याच. ह्याच्या उलट, १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे हजार ते पंधराशे घनसेंटिमीटरच्या खाजगी मोटारीचा तिऱ्हाइताच्या विम्याचा वर्षाचा हप्ता ३,४१६ रुपये होता. साडेतीन हजारांहून कमी रुपयांत सत्तावन्न लाखांचा भार कंपनी आपल्या शिरावर घेते, आणि परवान्याची किंवा शेजारी बसावयाच्या माणसाची हेळसांड त्या भाराला पुन्हा घराची वाट दाखविते.

सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली ह्या विषयाचा सविस्तर विचार केला. शिकाऊ परवाना हाही कायद्याने दिलेला परवानाच आहे, तेव्हा तो धारण करणारा मनुष्य परवानाधारक होय, असे न्यायालयाने सांगितले. शिकणाऱ्यांना हा मोठाच दिलासा होता. त्याच निर्णयात दुसरीही एक गोष्ट स्पष्ट झाली. अटीचा भंग शाबीत झाला तरी पीडिताला रिकाम्या हाताने पाठवू नये म्हणून कंपनीने आधी पैसे द्यावेत व मग ते गाडीच्या मालकाकडून वसूल करावेत, असा हुकूम देता येतो. पीडिताच्या बाजूने पाहता हा न्याय दयाळू आहे. मालकाच्या बाजूने पाहता त्याचा अर्थ असा, की विमापत्र हाती असूनही राहते घर आणि निवृत्तीची पुंजी पणास लागू शकते.

मूल अज्ञान असेल, म्हणजे अठरा वर्षे पुरी झालेली नसतील, तर प्रश्न पैशांपुरता राहत नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या कलम १९९ अ प्रमाणे अज्ञान मुलाच्या हातून वाहनासंबंधी गुन्हा घडल्यास त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलास पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही, अशी ही तरतूद आहे. १९ मे २०२४ रोजी पहाटे पुण्यातील कल्याणीनगर भागात एका मोटारीच्या धडकेने दुचाकीवरील दोन तरुण अभियंते प्राणांस मुकले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असे पोलिसांचे म्हणणे आहे. त्या दिवसापासून महाराष्ट्रातील अनेक घरांत गाडीच्या किल्ल्या कोठे ठेवाव्यात ह्याचा नव्याने विचार झाला असेल. तसा विचार होणे इष्टच आहे.

आता कायद्याच्या पलीकडील तजविजीविषयी. नव्या मोटारीला सप्टेंबर २०१८ पासून तिऱ्हाइताचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो. तेव्हा मूल शिकावयास लागण्यापूर्वी तो भाग जिवंत आहे की नाही हे पाहावे. मालक-चालकासाठी जो पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघाताचा विमा असतो तो नोंदणी ज्याच्या नावाने आहे त्या परवानाधारक मालकाचाच होय. शिकणाऱ्या मुलाला तो लागू पडत नाही. चालविणाऱ्या मुलाच्याच चुकीने अपघात घडला तर तो तिऱ्हाईतही ठरत नाही. म्हणून त्याच्यासाठी वैयक्तिक अपघाताचा वेगळा विमा घेणे दूरदृष्टीचे आहे.

नवशिक्याच्या हातून गाडीला पोचे आणि ओरखडे पडावयाचेच. त्यांतील प्रत्येकाचा दावा करणे हिशेबाने परवडत नाही. दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट पहिल्या वर्षानंतर वीस टक्के असते व वाढत वाढत पन्नास टक्क्यांवर जाते; एका दाव्याने ती साधारणतः शून्यावर येते. शिवाय पंधराशे घनसेंटिमीटरपर्यंतच्या मोटारीवर प्रत्येक दाव्यातील पहिले एक हजार रुपये मालकालाच सोसावे लागतात. तेव्हा फाटकाला घासलेल्या दाराचा खर्च घरातून करावा आणि विमा मोठ्या संकटासाठी राखावा. सर्वांत बरे हे, की पहिले काही आठवडे मोटार शिकविणाऱ्या शाळेच्या गाडीवर काढावेत. त्या गाडीत शिक्षकाच्या पायाखालीही ब्रेक असतो. घरच्या गाडीत शेजारी बसलेल्या वडिलांपाशी हँडब्रेक आणि आरडाओरडा ह्यांखेरीज दुसरे साधन नसते.

विम्याचा हप्ता वर्षातून एकदा भरला की संपतो. शिकाऊ चालकाच्या विम्याच्या अटी मात्र किल्ली फिरविण्याच्या प्रत्येक वेळी नव्याने पाळाव्या लागतात. परवान्याची तारीख, दोन्ही बाजूंच्या पाट्या आणि शेजारचा जाणता मनुष्य ह्यांची खातरजमा करण्यास एक मिनिट पुरते. ती सवय आईबापांनी मुलाला पहिल्या दिवशी लावली, तर रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाच्या घरादाराचाही विचार करावयाचा असतो, हे गाडी चालविण्यातील सर्वांत महत्त्वाचे शिक्षण त्याला स्टेअरिंगला हात लावण्यापूर्वीच मिळेल.