बांधावरचा अडुळसा आणि रेंगाळलेला खोकला
(पेठ येथील शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



नागली-वरईची मळणी, चुलीचा धूर आणि थंडी एकत्र आली, की घरोघरी खोकला सुरू होतो. त्यावर अडुळशाचा काढा आपल्याला नवा नाही. त्यातील व्हॅसिसिन या घटकावरूनच कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झिन हे औषध पुढे तयार झाले.

अडुळसा बांधावर लावण्यास उत्तम. उग्र वासामुळे जनावरे, शेळ्यासुद्धा, त्याला सहसा तोंड लावत नाहीत. पावसाळ्याच्या सुरुवातीस जून फांदीचे तीन-चार डोळ्यांचे, वीतभर लांबीचे छाट लावावेत. पाने पक्व झाल्यावर तोडून सावलीत वाळवावीत. उन्हात रंग व गुण दोन्ही जातात. मात्र ज्या बांधावर तणनाशक किंवा कीटकनाशक फवारले असेल, तेथील पाने औषधासाठी मुळीच घेऊ नयेत. ही काळजी आपल्याकडे फारशी घेतली जात नाही.

चीनमध्ये खोकल्यासाठी लोकाटची पाने वापरतात. पानामागची लव घशाला खवखवते, म्हणून ती आधी घासून काढतात. ज्येष्ठमध तेथेही आहे, आपल्याकडेही आहे. पण तो रोज भरपूर घेतल्यास रक्तदाब वाढतो. झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, हा समज चुकीचा आहे. अडुळशाने गर्भाशयाचे आकुंचन होऊ शकते, म्हणून गरोदर स्त्रियांना तो देऊ नये. वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये.

आता महत्त्वाचे. काढ्याने घसा मोकळा होतो, क्षयरोगाचे जंतू मरत नाहीत. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, बारीक ताप येऊ लागला, वजन घटले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात बेडका तपासून घ्यावा. तोंडातली थुंकी चालत नाही. सकाळी खोल खोकून छातीतला बेडका द्यावा. बेडक्यातून रक्त पडल्यास दोन आठवडेही थांबू नये. सरकारी केंद्रात तपासणी व औषधे मोफत आहेत. उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत बरे वाटू लागले की गोळ्या सोडण्याचा मोह होतो. अर्धवट सोडल्यास रोग उलटतो व नेहमीची औषधे लागू पडेनाशी होतात.

आपल्यापैकी बरेच जण द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे जातात. निघण्यापूर्वीच तपासणी करावी. उपचार चालू असेल तर केंद्रात तसे सांगून उपचाराचा कागद सोबत न्यावा. पुढच्या गोळ्या तिकडच्या सरकारी केंद्रात मिळतात.